साइट बंद, पेपर चालू

17 जुलै 2018, मंगळवार. तारीख पक्की लक्षात आहे कारण त्या दिवशीच्या पेपरचं कात्रण अजून माझ्या फायलीत आहे.

तेव्हा मी सायगावात होतो. कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, पण तिथली माणसं बोलताना सायगावच म्हणतात. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, नोकरी काजूच्या धंद्यातल्या एका कंपनीत, आणि काजूगर एक्स्पोर्ट करण्यात व्हिएतनाम जगात पहिला, त्यामुळे काजूवाल्याला तिथे ऑफिस लागतंच. माझ्याकडे असलेल्या कामांपैकी एक म्हणजे रोज सकाळी तिथल्या पेपरांतून बंदर, कस्टम, पाऊसपाणी, सरकारी निर्णय असं सगळं वेचून मुंबईला दोन पानांची समरी पाठवायची. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे मुंबईचे साहेब नऊला येऊन बसायच्या आत, आमच्या साडेदहाला, मेल गेलेलाच पाहिजे. माझं व्हिएतनामी मोडकंतोडकं, खरं वाचायची माझी सहकारी. ती माझ्यापेक्षा मोठी म्हणून मी तिला 'ची' म्हणायचो आणि ती मला 'एम', म्हणजे ताई आणि धाकटा भाऊ. तिकडे ऑफिसातसुद्धा असंच नात्याने बोलावतात, मला ते पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं होतं.

समरीची सुरुवात कायम 'तुओई त्रे'च्या साइटपासून. तुओई त्रे म्हणजे तरुण वय. हा पेपर हो ची मिन्ह कम्युनिस्ट युवक संघटनेच्या शहर शाखेचा, पहिला अंक 2 सप्टेंबर 1975 चा, युद्ध संपून चारच महिने झाले होते आणि तो दिवस त्यांचा राष्ट्रीय दिन. त्याआधी सायगावातली आंदोलन करणारी कॉलेजची मुलं चोरून सायक्लोस्टाइल पत्रकं काढायची, पेपरची मुळं तिथली. सुरुवातीला मी ऐकलं की हा संघटनेचा पेपर आहे तेव्हा मनात म्हटलं, झालं, सत्कार आणि भाषणं छापत असतील. तसं अजिबात नव्हतं. सगळ्या देशात सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या पेपरांपैकी हा एक, आणि लोक वाचायचे ते तो खोदून बातम्या काढायचा म्हणून. रस्ते-पुलांच्या सरकारी प्रोजेक्टमधला अधिकारी फुटबॉलवर सट्टा लावतो हे 2006 मध्ये गाजलं, त्या प्रकरणाच्या बातम्यांवरून 2008 मध्ये तुओई त्रेचा एक आणि दुसऱ्या एका पेपरचा एक असे दोन रिपोर्टर अटक झाले होते. हे सगळं मला 'ची'नेच सांगितलेलं.

तर त्या सकाळी मी सव्वासातला ऑफिसात पोचलो, ची आधीच येऊन बसली होती आणि तिची आइस कॉफी तशीच्या तशी, बर्फ वितळून वर पाण्याचा थर आलेला. मी म्हटलं काय झालं, तर तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. साइटवर नव्या बातम्या नाहीत, वाचकांची माफी मागणारी छोटी सूचना. आदल्या दिवशी, सोमवारी, प्रेस खात्याने ऑर्डर काढली होती: साइट तीन महिने बंद आणि 22 कोटी डाँग दंड, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने आपले साधारण साडेसहा लाख रुपये.

कारणं दोन दिली होती. जून महिन्यात तिथे मोठे मोर्चे निघाले होते, 99 वर्षांच्या लीजवर जमिनी देणाऱ्या स्पेशल झोनच्या बिलावरून आणि सायबर कायद्यावरून. त्यानंतर 19 जूनला राष्ट्राध्यक्ष चान दाई क्वांग सायगावात मतदारांना भेटले आणि तुओई त्रेने बातमी दिली की मोर्चांसाठी कायदा हवा या मागणीला त्यांनी होकार दिला. खात्याचं म्हणणं ते असं बोललेच नाहीत, बातमी खोटी. दुसरं कारण त्याच्याही आधीचं, 2017 मधल्या एका बातमीखाली कोणा वाचकाने लिहिलेली कॉमेंट. बातमी होती मेकाँगच्या खोऱ्याकडे जायला एक्स्प्रेसवे का नाही यावर, आणि त्या कॉमेंटने म्हणे देशात फूट पडते.

दुसरं कारण वाचताना चीचा आवाज बदलला. ती बेन्चेची, मेकाँगच्या खोऱ्यातला नारळाचा मुलूख, अगदी आपल्या कोकणासारखा, आणि तो तिच्या घरचाच रस्ता. टेटला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, सगळं सायगाव गावाकडे निघतं तेव्हा ती बसमध्ये तासन्‌तास अडकायची, एक्स्प्रेसवे होता तो चुंगलुओंगपर्यंतच, पुढे गाड्यांची मुंगीची रांग. (गणपतीला मुंबई-गोवा हायवेवर अडकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.) ती म्हणाली, "एम, ती कॉमेंट कोणी लिहिली मला माहीत नाही, पण त्या बसमध्ये बसलेलं कोणीही ती लिहू शकलं असतं."

मग तिने मला एक गोष्ट सांगितली जी दोन वर्षं शेजारी बसून मला माहीत नव्हती. 2005 मध्ये ती युनिव्हर्सिटीची एंट्रन्स पास झाली पण घरी फीचे पैसे नव्हते, वडील आजारी, आई बाजारात नारळाच्या वड्या विकायची. तुओई त्रे गरीब घरातल्या अशा नव्या विद्यार्थ्यांसाठी वाचकांकडून पैसे गोळा करून स्कॉलरशिप देतो. तिने हाताने अर्ज लिहून पाठवला आणि तिला मिळाली. पहिल्या वर्षाची फी त्यातून गेली. आईने तो पाकिटाचा कागद अजून देव्हाऱ्यापाशी, पूर्वजांच्या फोटोखाली ठेवलाय. हे सांगताना ती रडली नाही, पण कॉफीचा ग्लास दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि टेबलावर पाण्याचं गोल वळं उमटलेलं, ते मला आजही दिसतं.

पावणेआठ झाले होते. मी म्हटलं, बाकीच्या साइटवरून भागवू आज. ची उठली आणि म्हणाली, "साइट बंद आहे, छापलेला पेपर बंद नाहीये." ऑर्डर फक्त साइटला होती हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही कित्येक महिन्यांत कागदाचा पेपर हातात घेतला नव्हता. दोघं खाली उतरलो, कोपऱ्यावर एक वयस्कर बाई लाकडी फळीवर पेपर मांडून बसायच्या, ची त्यांना 'को' म्हणायची, आपल्या मावशीसारखं. रोज त्यांच्यासमोरून जायचो, कधी थांबलो नव्हतो. त्या दिवशी तिथे उभं राहायला जागा नव्हती. कामावर जाणारी माणसं स्कूटर चालूच ठेवून, पाय टेकून, हात पुढे करून तुओई त्रे मागत होती. कोणी मोठ्याने काही बोलत नव्हतं. घडी घालायची, सीटखाली ठेवायचा आणि निघायचं. आम्हाला शेवटच्या दोन-तीन प्रतींमधली एक मिळाली.

वर येऊन पेपर टेबलावर पसरला, आपल्या पेपरपेक्षा तो आकाराने लहान असतो. ची वाचून सांगत गेली, मी टाइप करत गेलो, आणि कात्री-गोंद घेऊन कात्रणं चिकटवून स्कॅन केली, हे काम मी शाळेतल्या प्रोजेक्टनंतर पहिल्यांदाच केलं असेल. आमच्या कामाचं त्यात फार काही नव्हतं, खरं सांगायचं तर दुसऱ्या साइटवरून पाच मिनिटांत झालं असतं. पण तिला तुओई त्रेचा मथळा समरीत हवा होता आणि मलाही हवा होता. सव्वादहाला मेल गेला. मुंबईहून साहेबांचा फोन, आज हे स्कॅन कसले, खराब दिसतंय. मी सगळं सांगितलं, ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, बरं, तीन महिने स्कॅनच पाठव.

तसंच केलं. रोज सकाळी खाली जायचं, पेपर घ्यायचा, कापायचा. 21 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष क्वांग वारले, ज्यांच्या बातमीवरून साइट बंद झाली तेच, आणि साइट अजून बंदच होती. त्या दिवशी ची काहीच बोलली नाही, नुसतं कात्रण कापून दिलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर साइट परत आली. सकाळी स्क्रीनवर ताज्या बातम्या बघून आम्ही दोघं खूप हसलो, मग सवयीने पावणेआठला खाली गेलो तर मावशींनी आमचा पेपर घडी करून, वर दगड ठेवून बाजूला काढलेलाच होता.