साठ दिवस नव्हतेच

एच-१बीवर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर, असताना नोकरी गेली की नवी शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवस मिळतात, हे अमेरिकेतल्या प्रत्येक देशी घरात आता पाठ आहे. हा नियम जानेवारी २०१७ मध्ये आला. पण त्याचा पुढचा भाग कुणी वाचत नाही: साठ दिवस किंवा आय-९४ची (देशात कधीपर्यंत राहता येईल त्या सरकारी नोंदीची) तारीख, यातलं जे आधी येईल ते. मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलाकडे पॅरालीगल, म्हणजे सहायक, आहे, ट्रान्सफरच्या फायली माझ्याकडे असतात. नोव्हेंबर २०२५ मधली एक फाईल या पुढच्या भागावरच अडली होती. ती बंद होऊनही डोक्यातून जात नाही.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. ट्रान्सफरमध्ये नवी कंपनी तुमच्यासाठी नवं पिटिशन, म्हणजे अर्ज, टाकते. लॉटरी पुन्हा लागत नाही, आणि २००० सालच्या कायद्यामुळे पिटिशन सरकारकडे पोचलं की मंजुरीआधीच कामाला लागता येतं. मात्र त्यासाठी ते आय-९४ जिवंत असताना पोचावं लागतं.

जिची ती फाईल, ती १७ नोव्हेंबरला, सोमवारी आमच्याकडे आली. ले-ऑफ झालेला, शेवटचा पगारी दिवस ३१ ऑक्टोबर. नवी ऑफर हातात. सगळा हिशेब मांडून आलेली: "३० डिसेंबरपर्यंत आहे मी. थँक्सगिव्हिंग होऊन जाऊ दे, मग निवांत टाकू. शिवाय तीन महिन्यांचा सेव्हरन्स आहेच." सेव्हरन्सने, म्हणजे काढून टाकताना कंपनी देते त्या पैशाने, दिवस वाढत नाहीत, हे मी आल्यागेल्याला सांगते. तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी उलट सांगितलेलंच असतं.

तिने पाठवलेली कागदपत्रं मात्र दृष्ट लागावी अशी होती. पे-स्टब तारखेनुसार लावलेले, डिग्रीचं इव्हॅल्युएशन, दोन्ही पासपोर्टांचं पानन्‌पान. आय-९४ म्हणून तिने आय-७९७च्या, म्हणजे मंजुरीच्या पत्राच्या, तळाला असतो तो कापायचा तुकडा पाठवला होता, २०२७ पर्यंतचा. सगळे तोच पाठवतात. पण त्या तुकड्यानंतर तुम्ही देशाबाहेर जाऊन आलात, तर एअरपोर्टवर मिळालेली नवी तारीख लागू होते. ती जानेवारीत भारतात जाऊन आली होती.

मी सीबीपीच्या, म्हणजे एअरपोर्टवर एंट्री देणाऱ्या खात्याच्या, साइटवर तिच्या नव्या पासपोर्टचा नंबर टाकला. रेकॉर्ड सापडेना. मग जुन्याचा टाकला, कारण एंट्री त्याच्यावर झाली होती. आलं पान. 'ॲडमिट अनटिल'समोर २ डिसेंबर २०२५. जुना पासपोर्ट त्याच दिवशी संपत होता. अधिकाऱ्याने तिला ७९७च्या तारखेपर्यंत न सोडता पासपोर्टच्या तारखेपर्यंत सोडलं होतं, आणि तसं ते सोडू शकतात. उन्हाळ्यात तिने नवा, दहा वर्षांचा पासपोर्ट काढला. त्याने आय-९४ आपोआप वाढत नाही.

फोन केला तर म्हणाली, "अहो, पण माझं ७९७ तर २०२७ पर्यंत आहे ना?" मी पुन्हा समजावलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

सांगणार कोण? जुन्या कंपनीचा वकील कंपनीचा असतो. 'प्रवासानंतर आय-९४ पाठवा' ही ओळ त्यांच्या मेलच्या तळाशी बारीक अक्षरात असते आणि कुणी पाठवला नाही तर कुणी विचारत नाही. एचआरने कामावर घेताना ७९७ची तारीख सिस्टिममध्ये टाकली की त्यांच्या लेखी माणूस तोवर सुरक्षित. तिचा ले-ऑफ झाला नसता, तर ती डिसेंबरात आय-९४ संपल्यावरही बिनधास्त ऑफिसला जात राहिली असती.

आणि आता तारीख हुकण्याची किंमत नुसती विमानाच्या तिकिटाची नाही. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बीवर एक लाख डॉलर बसवले. देशात राहून कंपनी बदलणाऱ्याला ते लागू नाहीत. पण तारीख हुकली म्हणून मुक्काम वाढवायची विनंती नाकारली गेली, तर तेच पिटिशन एक लाखाच्या कक्षेत जातं.

पिटिशनला एलसीए, म्हणजे पगाराबद्दलचं कंपनीचं मंजूर हमीपत्र, जोडावं लागतं. कामगार खात्याकडून ते यायला कामाचे सात दिवस लागतात, त्यात मधे थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारची सुट्टी. मंगळवारी एलसीए टाकला, म्हणजे तो येणार शुक्रवारी २८ला. नव्या कंपनीने आधी एकदा एलसीए केला होता म्हणून वाचलो. नाहीतर एफईआयएनची (कंपनीच्या टॅक्स नंबरची) पडताळणी नाही म्हणून तो नाकारला जातो आणि आठवडा पाण्यात जातो.

बाकी सगळं मी तोवर तयार ठेवलं. या कामाला लोक फॉर्म भरणं म्हणतात. भरून दाखवा! आय-१२९ची, म्हणजे पिटिशनच्या फॉर्मची, चुकीची आवृत्ती वापरली, अख्खं पिटिशन परत. चुकीच्या लॉकबॉक्सला (अर्ज स्वीकारायच्या सरकारी पत्त्याला) पाठवलं, परत. आणि परत आलेल्या पिटिशनला पोचल्याची तारीख मिळत नाही. २८ ऑक्टोबरपासून चेक बंद झालेले, त्यामुळे प्रत्येक फीसाठी कार्डाचा वेगळा फॉर्म: ७८०, ६००, १५००, ५००, आणि लवकर निकालासाठीच्या प्रीमियमचे २८०५ डॉलर. कंपनीच्या फायनान्सवाल्याला म्हटलं, बँकेला आधी कळवून ठेवा, कार्ड नाकारलं गेलं तर सगळंच परत येईल. तो म्हणाला, आमच्या कार्डाला कधी प्रॉब्लेम येत नाही. मी एचआरकडून त्याला पुन्हा सांगायला लावलं. चौकशी केल्यावर निघालं, दिवसाची मर्यादा पाच हजार.

सही करणारे व्हाइस प्रेसिडेंट सासुरवाडीला गेलेले. शुक्रवारी त्यांच्याकडून डॉक्युसाइन, म्हणजे ऑनलाइन सही, आलं. ते चालत नाही. सही पेनाने कागदावर हवी, मग तिचा स्कॅन चालतो. घरात प्रिंटर नाही. शेवटी त्यांनी जवळच्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर पानं छापून घेतली आणि तिथेच सह्या केल्या. एका पानावर तारीख राहिली होती, ते पुन्हा करून घेतलं. वैताग त्यांच्या आवाजात ऐकू येत होता, पण केलं बिचाऱ्यांनी. कुरियरची शेवटची गाडी गाठली.

१ डिसेंबरला लॉकबॉक्सला पोचलं. रिसीटवर तीच तारीख पडली. प्रीमियममध्ये पंधरा कामाच्या दिवसांच्या आतच मंजुरी आली, नवीन आय-९४सकट.

तिने खूश होऊन आमचा नंबर तिच्या जुन्या टीममधल्या एकाला दिला. त्याच ले-ऑफमध्ये गेलेला, शेवटचा पगारी दिवस तोच, ऑफरही आलेली. त्याचा आय-९४ काढला तर २१ नोव्हेंबरला संपलेला. कारण तेच, पासपोर्ट. त्याच्या हिशेबाने अजून दोन आठवडे शिल्लक होते. आमच्या वकिलांनी सांगितलं की उशीर माफ करायची विनंती जोडून पिटिशन टाकता येईल, पण देणं न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. नव्या कंपनीने एवढंच विचारलं, नाही म्हणाले तर आम्हाला एक लाख भरावे लागतील का? लागू शकतात, असं उत्तर गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफर मागे घेतल्याची मेल आली, आणि त्याने ती मला फॉरवर्ड करून विचारलं होतं, आता अपील कुठे करायचं?