डिक्ट.सी वाचताना

आमच्या सर्व्हरवर अधूनमधून एखादीच रिक्वेस्ट रखडायची. पुढच्यामागच्या सगळ्या झटक्यात होत, ही मात्र अडकून पडे. शोधत गेलो तर मूळ निघालं मी लिहिलेल्या हॅश टेबलात, म्हणजे की (नोंदीचं नाव) दिली की नोंद चटकन शोधून देणाऱ्या कप्प्यांच्या रचनेत. ते भरलं की दुप्पट टेबल घेऊन सगळ्या नोंदी एका दमात तिकडे हलवायचं, आणि तेवढ्यात जी रिक्वेस्ट आली तिने थांबायचं.

रेडिस हा मेमरीत माहिती ठेवणारा डेटाबेस हे कसं निभावतो ते पाहावं म्हणून त्याचा कोड उतरवून घेतला. साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये लोकांसमोर आणलेला हा सी भाषेतला प्रकल्प. मेन फंक्शनपासून वाचायला बसलो आणि दोन संध्याकाळी नुसता भरकटलो. मग एकच प्रश्न धरला, टेबल वाढताना काय होतं, आणि फक्त डिक्ट.सी, म्हणजे रेडिसच्या हॅश टेबलाची फाइल, उघडली.

तिथे टेबलं दोन. जुनं भरलं की नवं शेजारी उभं राहतं, पण सामान एकदम हलत नाही. कुणी की शोधायला, टाकायला किंवा काढायला आलं की त्या निमित्ताने जुन्यातला एक कप्पा नव्यात जातो. नवी की थेट नव्या टेबलात, शोध मात्र दोन्हीकडे. तोवर मेमरी दोन्ही टेबलांची लागते, पण कुणा एकाला ताटकळावं लागत नाही. किती सुंदर विचार आहे हा!

कळलं असं वाटलं, तरी खात्री करायची होती. ‘मेक नोऑप्ट’ने, म्हणजे कंपायलरची ऑप्टिमायझेशन्स बंद ठेवून, बिल्ड केलं, जीडीबी या डीबगरमध्ये टेबल वाढवणाऱ्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवणारी खूण) लावला आणि एकेक की टाकत गेलो. पहिल्या कीला टेबल उभं राहताना थांबला, मग चारपर्यंत काही नाही. पाचवीला पुन्हा थांबला. सुरुवातीचं टेबल चारच कप्प्यांचं असतं.

मग फाइल बंद करून तेच स्वतः लिहिलं आणि मूळ कोडशी ताडून पाहिलं. माझ्यात एक गोष्ट राहिली होती. जुन्या टेबलात रिकामे कप्पे ओळीने लागले, तर भरलेला कप्पा सापडेपर्यंत एक कप्पा हलवण्याचं ते एक पाऊलसुद्धा लांबतं. म्हणून तिथे मर्यादा आहे: एका पावलात दहा रिकामे कप्पे पाहिले की परत फिरायचं. ती ओळ मी आधी तीनदा तरी वाचली होती. ती तिथे का आहे, हे स्वतः लिहिल्यावरच उमगलं.

ही पद्धत आमच्या सर्व्हरवर आणली आणि रखडणं थांबलं. सध्या एसडीएस.सी, म्हणजे रेडिसची स्ट्रिंग हाताळणारी फाइल, वाचतोय. तिथे स्ट्रिंगची लांबी अक्षरांच्या अलीकडे, पॉइंटरच्या मागच्या बाइट्समध्ये ठेवलेली असते. या वेळी वाचायच्या आधीच कागद-पेन घेऊन बसलोय.