चोर्ल्याची गाडी, बाजारातली गाडी आणि एकच तेल

मागच्या ऑइल बदलीला दोन्ही पिकअपमध्ये एकाच बॅचचं ५डब्ल्यू-३० ग्रेडचं इंजिन ऑइल भरलं होतं. त्यांचे नमुने लॅबमधून तपासून आलेत आणि गॅरेजवर सगळे जे धरून चालले होते त्याच्या नेमकं उलटं निघालंय.

दोन्ही गाड्या मावसभावाच्या. मॉडेल एकच, बीएस-६, टर्बो डिझेल, डीपीएफवाल्या (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर). मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही; टाकलं की चर्चा कंपनीवर जाते आणि तेल बाजूला राहतं. एक गाडी रात्री बेळगावात भाजी भरते, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत गोव्यात साखळीकडे उतरते आणि सकाळी रिकामी वर येते. दुसरी दिवसभर गावात: एपीएमसी, रविवार पेठ, गणपत गल्ली, शहापूर, मधेच उद्यमबागेत एखादी खेप. घाटातली जास्त राबते, तिचं तेल आधी मरणार, असं मिस्त्रींपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचं मत.

आता आकडे. नवीन तेल १०० अंशांना १२ सेंटिस्टोकच्या आसपास होतं (हे तेलाच्या जाडीचं माप; आकडा कमी म्हणजे तेल पातळ). घाटातल्या गाडीचं ११.४ आलं. बाजारातल्या गाडीचं ९.५. एसएई ३० ग्रेडचा पट्टा ९.३ ते १२.५ असतो, म्हणजे हे तेल ग्रेडच्या उंबरठ्यावर येऊन टेकलं होतं. फ्लॅश पॉइंटही, म्हणजे तेलाची वाफ पेट घेते ते तापमान, चांगलाच खाली. डीपस्टिकवर मात्र तेल वरच्या खुणेच्याही वर! ड्रायव्हर त्यावर खूश होता. "ह्या गाडीला टॉप-अप लागतच नाही की हो," म्हणाला. कसं लागेल? खाली तेलाच्या चेंबरमध्ये डिझेल उतरत होतं.

कारण डीपीएफमध्ये आहे. फिल्टरमध्ये काजळी साठली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ती जाळायला घेतो. त्यासाठी एक्झॉस्ट ६०० अंशांच्या घरात न्यावा लागतो, म्हणून बऱ्याच इंजिनांत पॉवर स्ट्रोक संपत आल्यावर थोडं जादा डिझेल फवारतात. ते सगळं काही एक्झॉस्टमध्ये जात नाही. काही सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि रिंगांवरून खाली तेलात येतं. पेट्रोल तेलातून बऱ्यापैकी उडून जातं, डिझेल जड, ते राहतं. जाळणं एकदा पूर्ण झालं तर हे प्रमाण सोसण्यासारखं असतं. पण रविवार पेठेत गाडी लावली, चावी फिरवली, पोती उतरवली, पुन्हा चालू केली, की अर्धवट राहिलेलं काम पहिल्यापासून सुरू होतं आणि पुन्हा डिझेल फवारलं जातं.

चोर्ल्याच्या गाडीचं गणित वेगळं. तिचा भरलेला फेरा उताराचा आहे. गिअरमध्ये उतरताना इंजेक्टर बंद, टर्बोला काम नाही. चढ येतो तेव्हा हौदा रिकामा, पण चढ लांब आणि सलग, एक्झॉस्ट तापलेला. डीपीएफला हेच पाहिजे असतं. जाळणं एका दमात पुरं होतं.

त्यामुळे नुसते किलोमीटर मोजणं मी सोडून दिलंय. ताशी सरासरी ४० ने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे २५० तास. सरासरी १५ वर आली की तेवढ्याच किलोमीटरला ६६० तासांच्या वर. एपीएमसीच्या गेटवर इंजिन चालू ठेवून उभं राहणं तर ओडोमीटरला दिसतच नाही. बाजारातल्या गाडीला साधा अवर-मीटर बसवलाय, कनेक्शन ऑइल प्रेशर स्विचवरून घेतलं, म्हणजे नुसती चावी ऑन असताना आकडा पळत नाही. पुढची बदली मॅन्युअलच्या निम्म्या किलोमीटरला किंवा २५० तासांना, जे आधी होईल ते. घाटातली गाडी मॅन्युअलप्रमाणेच. उगाच लवकर तेल ओतून टाकण्यात मला काही पुण्य दिसत नाही.

दुसरा बदल ड्रायव्हरसाठी. डीपीएफचा दिवा लागला की काकतीवरून हायवेला लागायचं, वंटमुरी घाट चढायचा आणि हत्तरगीचा टोल यायच्या आत परत फिरायचं. टोल वाचवायचा हा हट्ट भावाचा, डीपीएफचा त्याच्याशी संबंध नाही.

ग्रेडवरून गॅरेजवर जो वाद चालतो त्यातला निम्मा आपल्या हवेत फुकट आहे. १५डब्ल्यूची क्रँकिंग चाचणी (थंडीत इंजिन फिरतं का ते बघणारी) उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. आपल्याकडे डिसेंबरातली पहाट १२-१४ अंशांची. स्टार्टर दोन्हींवर तितकाच फिरतो. थंड इंजिनात ५डब्ल्यू टर्बोपर्यंत जरा लवकर पोचतं, एवढा फायदा खरा. बघायचं ते एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांना जोराने घासलं जात असताना टिकणारी जाडी. एसीईए सी३ (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचं तेलाचं मानक) लिहिलेल्या डब्यात ती किमान ३.५ असते, सी२ मध्ये २.९ चालते. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० असू शकतं! भाव बघून डबा उचलणाऱ्यांनी डब्याची मागची बाजू वाचावी. आमच्या मॅन्युअलमध्ये सी३ आहे, म्हणून सी३. सी२ आणि सी३ दोन्हींत सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांच्या आत असते, कारण काजळी जळते पण राख जळत नाही, ती डीपीएफमध्येच बसते. जुन्या सवयीने बीएस-६ मध्ये सीआय-४ (जुन्या डिझेल इंजिनांचं, जास्त राखेचं तेल) ओतणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

घरच्या जुन्या बीएस-४ पिकअपला डीपीएफ नाही, तिला १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लसच चालू आहे आणि चालू राहील. तिचं दुखणं उलटं: ईजीआरची (एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) काजळी तेलात मिसळून तेल जाड होत जातं. नमुन्यात सिलिकॉनही, म्हणजे धुळीची खूण, जास्त आलं. खानापूरकडच्या रताळ्याच्या शेतांतली तांबडी धूळ एअर फिल्टरच्या पाइपमधून आत जात होती. क्लिप बदलली, फिल्टर बदलला. तेल काळं झालं म्हणून मात्र कुणी घाबरू नये, डिझेलचं तेल पहिल्या काही फेऱ्यांतच काळं होतं.

टर्बोबद्दल एकच. चढ संपवून कणकुंबीला चहाला थांबलात तर इंजिन बंद करायच्या आधी एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला वंगणही तेलाचं आणि थंडावाही. इंजिन एकदम बंद केलं की बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल तिथेच करपून कोक होतो.

नमुना पाठवणार असाल तर इंजिन गरम असताना, ड्रेन बोल्ट काढल्यावर पहिली धार सोडून मधल्या धारेतला घ्या. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच भंगारात टाका, नाहीतर तोच डबा भरून पुन्हा दुकानात येतो. बाजारातल्या गाडीचा पुढचा नमुना पावसाळ्यात, अवर-मीटरवर २५० झाले की काढतोय. वंटमुरीच्या फेऱ्यांनी ९.५ चा आकडा किती वर सरकतो ते त्यात कळेल.