राजीखुशीने व अक्कलहुशारीने

हक्कसोडपत्राची भाषा फार गोड असते. ‘बंधुप्रेमापोटी, विनामोबदला, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने व अक्कलहुशारीने मी माझा हिस्सा कायमचा सोडून देत आहे.’ बाबांना जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, होती. त्यानंतर सगळे घरी आले होते. चहाचे कप उचलायच्या आत दादाने ते कागद टेबलावर ठेवले, वर पेनही ठेवलं. मी म्हटलं, घरी नेऊन वाचते. वहिनी हसली. “अगं, वाचायचंय काय त्यात? सगळ्याच बहिणी देतात.”

देतात, हे खरंच आहे. आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात मुलीला लग्नात सोनं घातलं, मानपान केला की तिचा हिशेब मिटला असं धरतात. पुढे तिने हिस्सा मागितला तर माहेर तुटतं. जी मागते तिच्याबद्दल चर्चच्या पायऱ्यांवर काय काय बोललं जातं ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कायदा मात्र वेगळंच सांगतो. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. बायको हयात असेल तर एक तृतीयांश तिचं, उरलेलं सगळ्या मुलांना सारखं. मुलगा-मुलगी भेद नाही. केरळच्या मेरी रॉय यांना एवढं पदरात पाडून घ्यायला सख्ख्या भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 1986 साली निकाल लागला आणि जुन्या त्रावणकोर भागातल्या ख्रिस्ती मुलींनाही हा कायदा लागू झाला. आम्हाला तो आधीपासूनच होता. आम्ही तो राजीखुशीने सोडतो.

पण मला लिहायचंय ते कायद्याबद्दल नाही. ह्या कागदाने माझ्या प्रार्थनेची जी वाट लावली आहे, त्याबद्दल लिहायचंय.

मी काही फार भाविक वगैरे नाही, पण देवाची ओढ मला लहानपणापासून आहे. तरुणपणी मी ती भागवायला धावायची. कुठे तपसाधना असेल तिथे नाव द्यायचं, कन्व्हेन्शनच्या मांडवात हात वर करून गायचं, शुक्रवारची आराधना चुकवायची नाही. दोन दिवस अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं. मग सोमवारची ७:१० ची लोकल, ऑफिसातली कटकट, मुलांचे डबे, आणि पुन्हा तीच पोकळी. मला वाटायचं, माझ्यातच काही कमी आहे. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये, त्या गेल्यानंतर दहा वर्षांनी छापून आली, तेव्हा कळलं की वर्षानुवर्षं त्यांनासुद्धा देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं. त्यांच्या संघाच्या प्रत्येक चॅपेलमध्ये क्रुसाशेजारी येशूचे शब्द लिहिलेले असतात, ‘मला तहान लागली आहे.’ तहानलेल्यानेच तहानलेल्यांना बोलावलं आहे तर! तेव्हापासून माझी धावाधाव जरा थांबली.

ईस्टरआधीच्या ह्या उपवासकाळात मात्र नवीनच झालं. आराधनेला बसले की डोळ्यांसमोर पवित्र साक्रामेंत, म्हणजे वेदीवर ठेवलेली ख्रिस्तशरीराची भाकर, आणि डोक्यात सातबारा. गुंठ्याला आज भाव काय, रस्त्याला लागून किती, विहीर कुणाकडे जाईल. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेत, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाचे टप्पे आठवत करायच्या प्रार्थनेत, तो तिसऱ्यांदा पडतो तिथे मी गुडघे टेकले आणि मनात आईचा एक तृतीयांश वजा करून भागाकार करत होते.

‘जे नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले ते धन्य, कारण ते तृप्त होतील.’ दर 1 नोव्हेंबरला, सकल संतांच्या सणाला, हे आपण ऐकतो. दुसऱ्या दिवशी फुलं-मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातो. आता बाबाही तिथे आहेत. मी स्वतःला विचारते, बाई, तुला भूक कसली लागली आहे? नीतिमत्त्वाची की जमिनीची? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला वेगळं काढता येत नाही. सकाळी वाटतं, मी न्याय मागते आहे. दुपारी कुणीतरी शेजारच्या प्लॉटची किंमत सांगतं आणि तोंडाला पाणी सुटतं.

पापनिवेदनाला हे बोलले. फादरांनी उपदेश केला नाही. म्हणाले, “लूकचा बारावा अध्याय वाच. पुढचंही वाच, मध्येच सोडू नकोस.” घरी येऊन उघडला तर गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. आणि येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? मला रागच आला. म्हटलं, झालं! उद्या दादाच मला हा अध्याय वाचून दाखवेल. पण पुढची ओळ त्या एकट्याला उद्देशून नाही. ‘त्यांना’ सांगितली आहे, सर्व प्रकारच्या लोभापासून सांभाळा. म्हणजे मागणाराही आला आणि दाबून बसलेलाही आला. येशूने वाटणी नाकारली, पण लोभाचा दोष मागणाऱ्याच्याच गळ्यात मारला नाही. आमच्याकडे तसंच करतात. हिस्सा मागणारी बहीण लोभी, आणि सगळी वाडी एकट्याच्या नावावर करून घेणारा भाऊ घर सांभाळणारा.

त्याच लूकमध्ये सहा अध्याय पुढे ती विधवा आहे. देवाला न भिणाऱ्या आणि माणसांना न जुमानणाऱ्या न्यायाधीशाकडे रोज हेलपाटे घालते, माझा न्याय करा म्हणून त्याचं डोकं खाते, आणि येशू तिचं उदाहरण प्रार्थना कशी करावी म्हणून देतो. जुन्या करारात सलाफहादाच्या पाच मुली आहेत. बापाला मुलगा नव्हता. त्या थेट मोशेपुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या, म्हणाल्या, बापाच्या भाऊबंदांत आम्हालाही वतन द्या. मोशेने देवाला विचारलं आणि देव म्हणाला, मुली म्हणतात ते बरोबर आहे. गणना, सत्ताविसावा अध्याय. इतकी वर्षं मिस्सेत बसते, ह्या मुलींवर एकही प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही.

मोठी बहीण धर्मभगिनी आहे, दूर एका आदिवासी भागातल्या मिशनमध्ये. तिने तिचा हिस्सा केव्हाच सोडला. दादा तेच तोंडावर मारतो, “बघ, ताईने कशी हसत सही केली.” मी ताईला फोन केला. रेंज येत-जात होती.

“मी सोडलं ते व्रतासाठी,” ती म्हणाली. “कुणी मागितलं म्हणून नाही. तू भिऊन सोडू नकोस. भिऊन सोडलेल्याला त्याग म्हणत नाहीत.”

“आणि मला लोभ असला तर?”

“असेलच की. मला नव्हता वाटतं तुला?” मग जरा थांबून म्हणाली, “वाडीवरच्या मावशींचं काय ठरलंय?”

मी गप्प झाले. वाडीवरच्या मावशी म्हणजे आमच्याकडे कायम असलेल्या वारली बाई. पानवेली होत्या तेव्हापासून त्या आहेत. मोगरा लावला तो त्यांनी, केळींना पाणी त्यांचं, बावखलातला, म्हणजे वाडीतल्या तळ्यातला, गाळ काढायला पहिल्या उतरायच्या त्याच. वाडीच्या टोकाला त्यांची एक खोली आहे, वर पत्रा, पुढे अंगण. बाबांनी तोंडी सांगितलेलं, ही तुझीच. लेखी काही नाही. वाडी डेव्हलपरकडे गेली तर ती खोली पहिल्या दिवशी पाडतील. माझ्या त्या सगळ्या भागाकारात मावशींचा आकडा कुठेच नव्हता.

बाबांचं आश्चर्य वाटतं मला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, बिल्डर आणि विहिरी उपसणारे टँकरवाले यांच्याविरुद्ध गावं उठवली, तेव्हा बाबा मोर्च्यांत होते. धर्म वेदीपाशी संपत नाही, पाण्याचा आणि जमिनीचा न्याय हीसुद्धा भक्तीच, हे आम्हाला त्या माणसांनी शिकवलं. आणि त्याच बाबांनी मृत्युपत्र केलं नाही. मुलगी, बायको, मावशी, तिघींना दादाच्या मर्जीवर ठेवून गेले. वाईट बुद्धीने नव्हे. त्यांना ते सुचलंच नसणार.

गेल्या रविवारी मी दादाला सांगितलं, तलाठ्याकडे वारसनोंदीत आईचं नाव लाव, माझं लाव, आणि मावशींची खोली व पुढचं अंगण त्यांना लेखी दे. मग माझ्या हिश्श्याचं काय करायचं ते मी ठरवीन, कदाचित सोडेनही. मला वाटलं होतं माझ्या नावावरून भांडण होईल. तो बराच वेळ हिशेब करत बसला आणि म्हणाला, “ठीक आहे, तुझं नाव घालतो. पाहिजे तर रस्त्याकडचा तुकडा घे. पण त्या बाईचं मध्ये आणू नकोस. तिला देऊ काहीतरी हातावर.”

रस्त्याकडचा तुकडा! खोटं कशाला बोलू, अख्खी रात्र मी त्या तुकड्यावर घर बांधत होते. ज्याला मी न्याय म्हणत होते तो माझ्यापुरता मला मिळाला होता, तोही कोर्टकचेरी न करता, आणि माहेरही शाबूत. फक्त एका माणसाबद्दल तोंड बंद ठेवायचं होतं. आणि सकाळी उठले तर पोटात तीच खळगी. आराधनेत कधी इतकी जाणवली नव्हती.

ईस्टर झाल्यावर बसायचं ठरलं आहे. आई म्हणते, आधी सगळे नीट जेवा, मग भांडा. मी एका ओळखीच्या वकिलांकडून मावशींच्या खोलीचा मसुदा करून घेतला आहे. ‘बंधुप्रेमापोटी’ काढून टाकायला सांगितलं. दादाने फोनवर विचारलं, “तुझा कागद तयार आहे का?” म्हटलं, “आहे. पण आधी मावशींच्यावर सही कर.”