कोण येणार गं?

2024 ची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक. मतदान करून बाहेर पडतेय तोवर सांगलीहून बाबांचा फोन. "कोण येणार गं? तू तर तिथंच आहेस!"

तिथंच आहे, खरंय. बेथलेहेममध्ये, पेनसिल्वेनिया राज्याच्या नॉर्थॅम्प्टन काउंटीत (आपल्याकडचा जिल्हाच जणू). या काउंटीने 2008 आणि 2012 ला ओबामांना कौल दिला, 2016 ला ट्रम्पना, 2020 ला बायडन यांना. चारही वेळा जो इथं जिंकला तोच व्हाइट हाउसमध्ये गेला. म्हणून तर महिनाभर टीव्हीवाले आमच्या गल्लीबोळांत फिरतायत.

पण मला खरंच सांगता येईना. 2016 ला अख्ख्या राज्यात फरक होता जेमतेम 44 हजारांचा, 2020 ला 80 हजारांचा. मतं पडतात सत्तर लाखांच्या आसपास! दोन-तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकणारी मतचाचणी एवढा बारीक फरक कसा पकडणार? आणि आमच्या राज्याचे 19 इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, ज्याच्याकडे गेले, त्याला जिंकायला लागणारे 270 इलेक्टर गाठणं किती सोपं जातं.

बाबांना म्हटलं, निकाल लगेच येईलच असं नाही. टपालाने आलेली मतं इथं मतदानाच्या दिवशी सकाळी 7 च्या आधी उघडताच येत नाहीत. गेल्या वेळी मंगळवारचं मतदान, शनिवारी कळलं.

माझ्यापुढे रांगेत एक आजोबा होते, जुन्या स्टील कारखान्यातले. कुणाला मत देणार ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण पाऊण तास गप्पा मारल्या आम्ही, मनापासून. जाताना त्यांनी हात हलवला.

आठ वाजले. मतदान संपलं. चहा टाकलाय, बाबाही तिकडे उठलेत.