पावसाची चिठ्ठी

अमेरिकन माणसाला जेवायला बोलावलं आणि त्याला यायचं नसलं, तर तो तोंडावर 'नाही' म्हणेलच असं नाही. 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणेल. शब्दशः 'मी पावसाची चिठ्ठी घेतो', म्हणजे आत्ता नको, पुन्हा कधीतरी. बाहेर रखरखीत ऊन का असेना! इंग्रजी नव्याने शिकणाऱ्याला वाटतं, हा आता हवामानाचा अंदाज बघून कळवणार.

ही चिठ्ठी एके काळी खरोखर हातात पडायची. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा. पाच डाव व्हायच्या आत पावसाने खेळ बंद पाडला, तर सामना झालाच नाही असं धरायची रीत होती. मग पैसे मोजून आलेल्यांचं काय? १८८०च्या दशकात क्लबांनी त्यांना चिठ्ठी द्यायला सुरुवात केली: ही दाखवा आणि पुढचा सामना फुकट बघा. न्यू ऑर्लिन्सच्या बेसबॉल क्लबच्या ॲबनर पॉवेलला या युक्तीचं श्रेय देतात, पण अशा चिठ्ठ्या त्याच्या आधीही होत्या. पुढे ही पद्धत दुकानांत शिरली. जाहिरातीतला स्वस्त माल संपला, तर दुकानदार रेन चेक देतो आणि माल आला की त्याच भावाने विकतो.

दोन्हीकडे बोलावणारा कमी पडला, म्हणून चिठ्ठी तो देतो. बोलण्यात मात्र सगळं उलटं झालंय. यजमान तयार, ताटं मांडलेली, आभाळ निरभ्र. पाय मागे घेतोय तो पाहुणा, आणि वर चिठ्ठीही तोच मागतोय! जणू नुकसान त्याचंच झालं. मला हा आगाऊपणा फार आवडतो. नकार देताना पुढचं आमंत्रण पदरात पाडून घ्यायचं, तेही समोरच्याला राग न येऊ देता.

अर्थात ही चिठ्ठी वटवायचा इरादा असतोच असं नाही. 'पुढच्या शुक्रवारी जमेल का?' असं लगेच जोडलं, तर माणूस खरा. नुसतंच 'रेन चेक' म्हणून हसला, तर विषय संपला. आणि हे शोभतं ते पुन्हा होऊ शकणाऱ्या गोष्टींनाच. जेवण, सिनेमा, कॉफी चालेल. लग्नाच्या मागणीला असं उत्तर देणाऱ्याने पुढच्या मागणीची वाट बघू नये.

ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या बेसबॉलच्या स्टेडियमला छप्पर होतं, त्यामुळे तिथे पावसाने सामना रद्द व्हायचं कारणच नव्हतं. तरी १५ जून १९७६ला एक सामना पावसाने रद्द झाला. दोन्ही संघ आत पोचले होते, मैदान कोरडं ठणठणीत होतं. पण शहरातले रस्ते पाण्याखाली गेले आणि पंच व बहुतेक प्रेक्षक येऊच शकले नाहीत. यजमान तयार आणि अडकला तो पाहुणा. त्या दिवशी ह्यूस्टनमध्ये कोणी 'रेन चेक' म्हटलं असतं, तर त्याला बहाणा म्हणायची सोय नव्हती.