कोड बदलला, गाई त्याच

दूध संस्थेच्या सचिवाला रजिस्टर घेऊन कोर्टात बोलवायचं, हे मला एका सात वर्षांच्या मुलीच्या चित्रावरून सुचलं. त्या मुलीला हे आजही माहीत नाही, आणि माझ्याकडून ते तिला कधी कळणारही नाही.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. फलटण-बारामती-माळशिरसच्या पट्ट्यातला तालुका, म्हणजे उसाच्या खालोखाल जर्शी गाई. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. कोर्टात काय झालं, ते मात्र जसंच्या तसं.

माझी अशील माहेरी येऊन राहिलेली होती. तालुक्यात एका कापडाच्या दुकानात नऊ हजारांवर कामाला. नवऱ्यानं जून 2024 मध्ये घटस्फोटाचा अर्ज टाकला. ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही त्याच कामात अंतरिम पोटगीचे अर्ज दिले, बायकोसाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली आणि मुलीसाठी कलम 26 खाली. त्यानंही 26 खालीच उलट अर्ज टाकला, की मुलीला मला भेटू देत नाहीत, भेट ठरवून द्या. वेगळं कुटुंब न्यायालय असलेल्या शहरात हे तिथं चालतं, समुपदेशक असतात, मुलांच्या भेटीसाठी खेळण्यांची खोली असते. आमच्याकडं दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. वारसाची वाटणी, बांधाचा वाद आणि हे, सगळं एकाच बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं ते बहुतेक सगळ्या बायका विचारतात. "मॅडम, पोरगी पाच वर्षांची झाली की बापाकडं जाते म्हणतात, खरं का?" खरं नाही. 1956 च्या अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) पालकत्वाच्या कायद्यात एवढंच लिहिलंय, की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडं असावा. पाच झाली की उचलून बापाकडं द्या, असं कुठंच नाही. त्याच कायद्यात पुढं कलम 13 आहे. मुलाचं हित सर्वांत आधी बघायचं, असं ते सांगतं. पण गावात अर्धंच वाक्य पोचलंय, आणि त्या अर्ध्या वाक्याच्या भीतीनं ही बाई चौदा महिने मुलीला बापाच्या सावलीलाही जाऊ देत नव्हती.

नवऱ्याचं गणित याच्या नेमकं उलटं. चौदा महिन्यांत त्यानं दमडी दिली नव्हती. त्याच्या वकिलांनी लेखी म्हणण्यातच लिहून टाकलं होतं, की भेट नाही तर पैसे कशाचे. हिचं म्हणणं, पैसे नाहीत तर भेट कशाची. दोघांनी मिळून पोरीचा भाव ठरवला होता, असं मी तेव्हा रागानं तिला बोलले. तिला ते लागलं. पण मला ते बोलायचंच होतं. पोटगी हा मुलीचा हक्क आहे, बापाला भेटणं हाही मुलीचाच. एकाची पावती दाखवून दुसरा सुटत नाही. हे अशिलाला पटवणं कोर्टाला पटवण्याहून अवघड असतं, कारण कोर्टाला निदान चौदा महिने एकट्यानं घर चालवायचं नसतं.

आता उत्पन्नाचं. 2020 सालच्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या कामात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्याघेण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं ते प्रकरण आहे. त्याच निकालानं हेही पक्कं केलं, की पोटगी अर्ज दाखल केल्या तारखेपासून द्यायची. कागद चांगला, पण भरणारा माणूस तोच. नवऱ्यानं भरलं होतं: गाई दोन, पैकी एक भाकड. शेतमजुरी करून महिन्याला चार हजार. बँक खातं एक, शिल्लक सहाशे रुपये.

माझी अशील म्हणाली, "खोटं आहे, मॅडम. मी तिथं धारा काढल्यात." पण तिच्याकडं चिटोरंही नव्हतं. घर सोडताना बाई मुलीची शाळेची वही घेते, दुधाची बिलं घेत नाही.

मधल्या एका तारखेला कोर्टानं मुलीला हजर करायला सांगितलं होतं, बापाला भेटवण्यासाठी. आमच्या कोर्टात भेटीची जागा म्हणजे व्हरांड्यातलं नोटीस बोर्डाखालचं बाकडं. समोरून बेड्या घातलेले आरोपी चाललेत, शेजारी टायपिस्ट, आणि त्यात बाप-लेक एकमेकांकडं न बघता बसलेले. त्यानं तिच्यासाठी बिस्किटांचा मोठा पुडा आणला होता. तिनं तो मांडीवर घेतला, फोडला नाही. अर्ध्या तासानं तो उठून गेला.

पुकारा व्हायला वेळ होता, म्हणून मी तिला वकिलांच्या बार रूममध्ये बसवून एक पाठकोरा कागद आणि पेन दिलं. तिनं गाई काढल्या. एकापुढं एक, आणि प्रत्येकीच्या कानात एक चौकोन. मी सहज विचारलं, हे काय?

"बिल्ला. त्याच्यावर नंबर असतो. डॉक्टरांनी मारला तेव्हा बांडीनं त्यांना लाथ घातली."

मग न विचारता तिनं नावं सांगितली. बांडी, गौरी, लक्ष्मी, शिंगी, काळी आणि काळीची कालवड, ती आता व्यायली असेल म्हणाली. पेन तसंच धरून मला म्हणाली, "तिला काय झालं, माहीत नाही मला."

तिची आई दारात उभी होती. मुलगी पाणी प्यायला गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, "ऐकलंत ना? तिलाच सांगू द्या साहेबांना. लहान लेकरू खोटं बोलत नाही."

मी नाही म्हटलं. कायद्यानं सात वर्षांच्या मुलाची साक्ष घेता येते, प्रश्न समजून उत्तर देता येत असेल तर. पण बापाच्या विरोधात गाई मोजून दाखवायला त्या पोरीला उभं केलं असतं, तर आज ना उद्या तिला कळलंच असतं की आपण काय केलं. महिन्याच्या पोटगीसाठी ही किंमत मला परवडणारी वाटली नाही. अशील दोन आठवडे माझ्याशी तुटकच बोलत होती.

कानातला बिल्ला मात्र माझ्या डोक्यात बसला. 2024 मध्ये सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये अनुदान दिलं, पुढं ते सात केलं. ते मिळवायचं तर गाईच्या कानात बारा आकडी नंबरचा बिल्ला हवा, त्याची ऑनलाइन नोंद हवी, आणि पैसे थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात. म्हणजे गाई किती, कुणाच्या नावावर, पैसे कुठल्या खात्यावर, हे सगळं कुठंतरी लिहिलेलं होतं. मी संस्थेच्या सचिवाला कागदपत्रं हजर करण्याचं समन्स काढायचा अर्ज दिला. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, अंतरिम अर्जात साक्षीदार कशाला म्हणून. हरकत अगदीच चुकीची नव्हती, असे अर्ज प्रतिज्ञापत्रांवरच चालतात. पण न्यायाधीशबाईंनी समन्स काढलं.

सचिव आला तो दिवस मी विसरणार नाही. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी, काखेत दोन लांबट रजिस्टरं आणि कॉम्प्युटरवरची बिलं पिशवीत. सकाळचं संकलन उरकून आला होता, अंगाला दुधाचा वास तसाच. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्याला रजिस्टर ठेवायला जागा पुरेना.

कोड नंबर 47, म्हणजे संस्थेतला दूध घालणाऱ्याचा नंबर, नाव नवऱ्याचं. जुलैची तिन्ही बिलं, दर दहा दिवसांचं एक. याला आमच्याकडं दुधाचा पगार म्हणतात. सकाळ चौतीस लिटर, संध्याकाळ एकतीस, थोडं इकडंतिकडं. दोन गाई, त्यातली एक भाकड, आणि दूध पासष्ट लिटर. न्यायाधीशबाई शेतकरी घरातल्या असाव्यात. त्यांनी चष्म्यावरून समोरच्या वकिलांकडं नुसतं पाहिलं.

मी विचारलं, "सप्टेंबरचं बिल दाखवा."

सचिव म्हणाला, "47 नंबर 31 ऑगस्टला बंद झाला."

"का?"

"त्यांनी अर्ज दिला."

"1 सप्टेंबरला सकाळी कुठला नवा कोड सुरू झाला?"

त्यानं पान उलटलं. आधी नवऱ्याकडं बघितलं, मग खाली. गावात दोघांची घरं हाकेच्या अंतरावर, रोज सकाळ-संध्याकाळ तोंड बघायचं. "212," तो म्हणाला. "त्यांच्या आईच्या नावावर."

31 ऑगस्टच्या संध्याकाळी 47 नंबरला 31.4 लिटर. 1 सप्टेंबरच्या सकाळी 212 नंबरला 34.2. किटल्याही त्याच असणार. आमच्या अर्जाची नोटीस त्याला ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लागली होती. अनुदानाच्या यादीत सहा बिल्ले अजून त्याच्याच नावावर होते, आणि पैसे जात होते ते खातं प्रतिज्ञापत्रात नव्हतंच.

"आजींनी एका रात्रीत सहा गाई घेतल्या का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"घरात वाटणी झाली, मॅडम. तोंडी," त्याचे वकील म्हणाले. त्यांचं मला कौतुक आहे, इतक्या वर्षांत मी त्यांना कधी निरुत्तर झालेलं पाहिलेलं नाही.

पुढं त्यांनी मुद्दा काढला तो मात्र खरा होता, आणि मी तो नाकारला नाही. दुधाचं बिल म्हणजे उत्पन्न नव्हे. पासष्ट लिटर, त्या वेळचा तीसच्या आसपासचा दर, म्हणजे महिन्याला अठ्ठावन्न हजार दिसतात. पण पेंडीचं पोतं पंधराशेच्या वर, चारा विकतचा, डॉक्टर, औषधं, आणि गाई काही बाराही महिने सारख्या दूध देत नाहीत. बिलातच पशुखाद्याची कपात दिसत होती. ज्यांनी गोठा केलाय त्यांना विचारा, हातात काय राहतं ते. कोर्टानं हाती पडणारं उत्पन्न बावीस हजार धरलं. माझ्या अशिलाला ते कमी वाटलं. मला बरोबर वाटलं.

तिचे नऊ हजारही कोर्टानं धरले. आई कमावते म्हणून बाप सुटत नाही, तसं आईचं उत्पन्नही झाकायचं नसतं. मुलाचा खर्च दोघांनी आपापल्या कमाईच्या मानानं उचलायचा. एप्रिल 2025 च्या आदेशात मुलीला सहा हजार आणि बायकोला तीन हजार महिना मिळाले, अर्जाच्या तारखेपासून. मुलीची आठ महिन्यांची थकबाकीच अठ्ठेचाळीस हजार झाली. ती बारा-बारा हजारांच्या चार हप्त्यांत द्यायची. कायदा म्हणतो, असे अर्ज शक्यतो नोटीस लागल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावेत. आमच्या बोर्डाकडं बघता एप्रिल म्हणजे लवकरच म्हणायचं.

खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल त्याला आत घाला, असं अशिलाच्या भावाचं म्हणणं होतं. तसा अर्ज करता आला असता. पण बाप आत गेला तर धारा कोण काढणार आणि सहा हजार कुठून येणार? मी तो विषय तिथंच मिटवला.

भेटीचा आदेशही त्याच दिवशी झाला. त्याआधी न्यायाधीशबाईंनी मुलीला चेंबरमध्ये एकटीला बोलावलं होतं, दोन्ही वकील बाहेर. कलम 26 मध्ये मुलाच्या इच्छेचा विचार शक्य तिथं करावा असं लिहिलंय, ते बऱ्याच कोर्टांत कागदावरच राहतं. आत काय बोलणं झालं, कुणालाच माहीत नाही. आदेशात एक ओळ आली: मुलीस कोर्टाच्या आवारात भेटण्याची इच्छा नाही, वडिलांच्या घरी जाण्याची आहे. म्हणून महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत बापाकडं. दिवाळीची आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी. देवाणघेवाण तालुक्याच्या एसटी स्टँडवर. माझी अशील हे ऐकून रडली. पैसे मिळाले त्याचं तिला काही वाटेनासं झालं. मी तिला सांगितलं, की हा आदेश दगडावरची रेघ नाही, मुलीला त्रास झाला तर बदलून मागता येतो, आणि त्यानं पोरगी वेळेत परत आणली नाही तर मी आहे.

जूनमध्ये तिचा फोन आला, शुक्रवारी रात्री. "मॅडम, ह्या महिन्याचे पैसे आले नाहीत. उद्या शनिवार आहे. पाठवू का नको?"

"तो काय म्हणतो?"

"दोन गाई आटल्या म्हणतो. काळीची कालवड गाभण राहिली, तेवढं पोरीला सांगा म्हणाला."

"सांगितलंत का?"

थोडा वेळ ती गप्प. "नाही अजून."

"वसुलीचा अर्ज मी सोमवारी टाकते," मी म्हटलं. "पोरीला उद्या बाराच्या गाडीनं पाठवा. आणि कपडे दोन दिवसांचे द्या, मागच्या वेळी एकच जोड दिला होता म्हणून तिकडून तक्रार आलीय."